ईमेल न मागता निरोप पोचवायचा कसा

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी कंपनीने चाळणी यंत्राची नोंदणी ऑनलाइन केली, तेव्हा फॉर्म मीच बनवला होता. सोयाबीनची रास झाली की शेतकऱ्याने नंबर लावायचा आणि पाळी आली की आम्ही मेल पाठवायचा, इतकं साधं काम. ईमेलचा रकाना मी सक्तीचा ठेवला होता, कारण शिकलो तेव्हा सगळे फॉर्म तसेच पाहिले होते.

पहिल्याच आठवड्यात एक काका सकाळी सकाळी ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांची पाळी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. "मला काय बी निरोप आला न्हाई बगा," ते म्हणाले. नोंद उघडली तर ईमेलच्या रकान्यात गावातल्या सेवा केंद्रावर बसणाऱ्या पोराचा पत्ता. यादी चाळली, तर त्या गावातल्या जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे तोच पत्ता. पोराची काही चूक नव्हती. काकांकडे ईमेल नाही, फॉर्म पुढे सरकेना, मागे रांग लागलेली. त्याने स्वतःचा टाकून दिला. इकडे परतीच्या पावसाचं आभाळ भरून आलेलं आणि काकांचा माल ताडपत्रीखाली.

त्या दिवशी ईमेलचा रकाना काढून टाकला. त्याच्या जागी काय काय बसवलं, ते इथे क्रमाने सांगतो. अभ्यासिकेची जागा असो, अवजार बँकेचं यंत्र असो, टँकरची पाळी असो की दवाखान्याचा नंबर, लातूर-नांदेडपासून बीड-जालन्यापर्यंत कुणी पहिल्यांदाच छोटी ऑनलाइन सेवा उभी करत असेल, तर त्याला हे उपयोगी पडेल.

आधी बघा, ईमेलकडून किती कामं घेताय

ईमेल मागतो तेव्हा आपण एका रकान्यात तीन कामं कोंबतो: माणूस ओळखणं, पासवर्ड विसरला तर खात्री करणं आणि निरोप देणं. ही तिन्ही सुटी करा. ओळखायला टोकन नंबर पुरतो. खात्री करायला मोबाईलवरचा ओटीपी किंवा हातातली पावती चालते. उरलं निरोपाचं काम, आणि त्यासाठी माणूस रोज जिथे बघतो ती जागा हवी. आमच्याकडे पुष्कळ जणांचा ईमेल फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो. तो असतो, पण उघडला जात नाही.

दवंडी की निरोप?

दुसरं काम कागद-पेनाने करायचं. तुमची सेवा ज्या ज्या सूचना देणार त्या सगळ्या लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा: दवंडी की निरोप.

कोतवाल चावडीपासून दवंडी पिटत निघायचा तेव्हा त्याच्याकडे कुणाचा पत्ता नसायचा, आणि लागायचाही नाही. "उद्या अमावस्या, मोंढा बंद, चाळणीही बंद" ही दवंडी. ती सगळ्यांसाठी एकच असते, तिच्यासाठी कुणाचा नंबर घ्यायची गरज नाही. "तुमची पाळी उद्या नऊला" हा निरोप. तो एकाच माणसाचा, त्यालाच मिळायला हवा.

ही यादी केली तेव्हा आमच्या निम्म्याहून जास्त सूचना दवंड्या निघाल्या. त्यांच्यासाठी संकेतस्थळाच्या माथ्यावर ठळक पट्टी, व्हॉट्सअॅपचं चॅनल आणि गोदामाच्या दारावर खडूचा फळा एवढं पुरलं. ही चॅनलची सोय भारतात २०२३ च्या सप्टेंबरात आली. चॅनलवर कुणाचा नंबर दुसऱ्या अनुयायाला दिसत नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. म्हणून शेतकऱ्यांचा ग्रुप करून त्यावर निरोप टाकू नका. सोपं वाटतं, पण बायाबापड्यांचे नंबर आपण कुणाच्याही हातात देत असतो.

पाळीचं पान: सगळ्याचा पाया

कुठलाही निरोप चुकू शकतो. म्हणून आधी असं एक पान करा, जिथे टोकन नंबर टाकला की पाळी कुठवर आली ते दिसेल. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. पुढची सगळी साधनं या पानाकडे बोट दाखवण्यासाठी आहेत. खरी माहिती इथेच राहते.

टोकन १०१, १०२, १०३ असे ओळीने दिले तर कुणीही शेजाऱ्याची नोंद उघडून पाहील. रांगेत बोलावण्यासाठी ओळीचा नंबर ठेवा, पण पान उघडायला त्याच्यासोबत मोबाईलचे शेवटचे चार आकडे मागा. आणि पानावर नाव, गाव, मालाचं वजन असलं काही दाखवू नका. "तुमच्या आधी ६ जण, अंदाजे उद्या सकाळी" एवढं पुरे.

आता एक बारीक गोष्ट, जिने माझे दोन दिवस खाल्ले. मराठी कीबोर्ड लावलेला माणूस ४५ असं टाइप करतो आणि आपला फॉर्म "फक्त आकडे भरा" म्हणत राहतो. बिचाऱ्याने आकडेच भरलेले असतात! जावास्क्रिप्टमधली आकडे तपासायची नेहमीची खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, आणि ब्राउझरचा आकड्यांचा खास रकानाही देवनागरी आकडे घेत नाही. म्हणून रकाना साध्या मजकुराचा ठेवा, फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल अशी सूचना त्याला जोडा, आणि आलेले ० ते ९ हे देवनागरी आकडे सर्व्हरवर इंग्रजीत बदलून घ्या. चार ओळींचं काम आहे.

पावती छापत असाल तर त्यावर या पानाचा क्यूआर कोड टाका. जमलं तर पानावर कॅलेंडरची फाइलही द्या. पाळीची वेळ फोनच्या कॅलेंडरात बसली की रेंज नसली तरी आठवण वाजते, आणि तुम्हाला त्या माणसाबद्दल काहीच माहीत असावं लागत नाही.

ब्राउझरची सूचना

स्मार्टफोनवाल्यांसाठी हा मला सगळ्यात भला मार्ग वाटतो. नाव लागत नाही, नंबर लागत नाही, अॅपही टाकावं लागत नाही. शेतकरी पानावरचं बटण दाबतो, ब्राउझर परवानगी विचारतो, त्याने हो म्हटलं की ब्राउझर तुम्हाला एक लांबलचक पत्ता आणि दोन किल्ल्या देतो. ते टोकनसोबत जपून ठेवायचं. निरोप द्यायचा तेव्हा तुमचा सर्व्हर त्या पत्त्यावर कुलूपबंद मजकूर पाठवतो, ब्राउझर कंपनीची यंत्रणा तो फोनपर्यंत नेते, आणि तुमच्या पानाने फोनमध्ये बसवलेला सर्व्हिस वर्कर नावाचा छोटा प्रोग्राम तो दाखवतो. पान बंद असलं तरी चालतं.

लागतं काय? पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवं, त्याचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. सूचना तुमच्याच सर्व्हरकडून आली हे पटवायला व्हॅपिड नावाची किल्ल्यांची जोडी एकदाच बनवायची. त्यातली खासगी किल्ली सर्व्हरवर लपवून ठेवा आणि तिची प्रत बाजूला काढून ठेवा. ती हरवली आणि नवी जोडी केली, तर आधी मिळालेले सगळे पत्ते वाया जातात आणि प्रत्येकाला पान उघडून पुन्हा जोडून घ्यावं लागतं. पीएचपी, पायथन, नोड, सगळीकडे यासाठी तयार लायब्ररी आहेत. कुलपाचं गणित स्वतः लिहायला जाऊ नका.

परवानगी कधी विचारायची, यावर सगळं अवलंबून आहे. पान उघडता क्षणी चौकट आली की माणूस घाबरून "नको" दाबतो. एकदा नकार दिला की तुमचं पान पुन्हा विचारूच शकत नाही. त्याला स्वतःला ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं, आणि ते कुणी करत नाही. म्हणून नोंदणी पूर्ण होऊन टोकन हातात पडलं की त्याच्याखाली एक बटण ठेवा: "माझी पाळी आली की कळवा". ते दाबल्यावरच ब्राउझरला विचारू द्या.

आमची पुढची चूक इथेच झाली. काही जण नोंदणी अजूनही सेवा केंद्रावरून करत होते. ब्राउझरची परवानगी माणसाची नसते, त्या यंत्राची असते. म्हणजे काकांची पाळी आली की टिंग वाजणार केंद्रातल्या संगणकावर. ईमेलचाच खेळ पुन्हा! आता नोंदणीच्या शेवटी आम्ही विचारतो: "हा फोन तुमचा स्वतःचा आहे का?" नाही म्हटलं की ते बटण दिसतच नाही, क्यूआर कोडची पावती निघते, आणि घरी गेल्यावर नातवाच्या फोनवरून पान उघडून बटण दाबता येतं.

सूचना पाठवताना तिला किती वेळ जिवंत ठेवायचं ते सेकंदांत सांगावं लागतं. याला टीटीएल म्हणतात. शून्य ठेवलं आणि त्या क्षणी फोनला रेंज नसली तर सूचना मेली. उद्या नऊच्या पाळीची सूचना उद्या नऊपर्यंत जिवंत ठेवा, त्यापुढे नको. पाळी टळून गेल्यावर आलेला निरोप नुसता गोंधळ करतो. वेळ बदलली तर नवी सूचना त्याच विषयाच्या नावाने पाठवा, म्हणजे न पोचलेली जुनी आपोआप बाजूला होते. पाठवल्यावर ब्राउझर कंपनीच्या यंत्रणेकडून ४०४ किंवा ४१० असं उत्तर आलं तर ती परवानगी संपली असं समजून नोंद पुसून टाका.

मजकुराला साधारण ४ किलोबाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, तरी हजारभर चिन्हं आरामात बसतात. पण लिहा दोनच ओळी. आणि फोन कुलूपबंद असतानाही सूचना पडद्यावर दिसते हे लक्षात ठेवा. दवाखान्याची सेवा असेल तर आजाराचं नाव, सावकारी-बँकेची असेल तर रक्कम, असलं काही त्यात नको.

आयफोनवर हे आयओएस १६.४ पासून चालतं, पण तुमचं पान आधी होम स्क्रीनवर जोडावं लागतं. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक अॅपला सूचनेची परवानगी वेगळी लागते. ब्राउझरलाच ती नसेल तर तुमच्या पानाला मिळून उपयोग नाही. शिवाय काही फोनमधली बॅटरी वाचवायची सोय मागचं सगळं झोपवून टाकते. म्हणून केवळ ब्राउझरवर भिस्त ठेवू नका.

बटणाच्या फोनसाठी एसएमएस

बटणाचा फोन आजही घराघरात आहे, आणि शेतात तोच जास्त टिकतो. त्यावर एसएमएसशिवाय गत्यंतर नाही.

नवखा माणूस इथे स्वतःच्या सिमवरून शंभर जणांना मेसेज सोडतो. तसं करू नका. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार धंद्याचे, सेवेचे मेसेज नोंदणी करूनच पाठवायचे असतात. तक्रारी झाल्या तर तुमचा नंबर बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर पावतीवर छापलेला असतो.

नोंदणी डीएलटी नावाच्या व्यवस्थेवर होते; प्रत्येक मोठ्या टेलिकॉम कंपनीचं त्यासाठी संकेतस्थळ आहे. तीन पायऱ्या आहेत. आधी संस्थेची नोंद, पॅन आणि नोंदणीच्या कागदांसह. मग हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं सहा अक्षरी नाव. मग प्रत्येक मेसेजचा साचा मंजूर करून घ्यायचा. बदलणारा भाग, म्हणजे टोकन, वार, वेळ, यासाठी साच्यात रिकाम्या जागा सोडायच्या. मंजूर साच्याबाहेरचा मजकूर असला तर मेसेज वाटेतच अडवला जातो. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या बऱ्याच आधी हे उरका. दसऱ्याच्या तोंडावर साचा नामंजूर झाला तर हात चोळत बसावं लागतं. गट नोंदणीकृत नसेल, पॅन नसेल, तर ही वाट अवघड आहे. मग पुढे सांगितलेला मिस कॉल आणि माणसाचा फोन यांवर भर द्या.

साचा मराठीतच लिहा. फक्त मापाचं भान ठेवा. इंग्रजी एसएमएस १६० चिन्हांचा असतो, पण एक जरी देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. त्याहून मोठा झाला की तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा ६७ चिन्हांचा, आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे लागतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळी वेगळी मोजली जातात. "प्रतीक्षा" डोळ्याला तीन अक्षरी दिसतो, पण एसएमएससाठी ती नऊ चिन्हं. जोडाक्षरांचे भारदस्त शब्द इथे महाग पडतात. घरगुती बोली स्वस्त आणि कळायलाही सोपी. आमचा साचा असा आहे:

टोकन ४५: उद्या सकाळी ९ वा. माल आणा. पोती व पावती सोबत ठेवा.

मोजून पाहा, ५९ चिन्हं होतात. उरलेल्या अकरा जागांत गटाचं छोटं नाव बसतं, आणि ते साच्यात असावंच. पाठवणारा कोण, हे कळल्याशिवाय लोकांनी मेसेजवर भरवसा ठेवू नये, असंच आपण त्यांना शिकवायला हवं. २०२५ पासून हेडरच्या शेवटी एक अक्षरही लागतं: जाहिरातीला पी, सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी, सरकारी मेसेजला जी. पाळीचा निरोप सेवेच्या प्रकारात नोंदवा, आणि त्या साच्यात कधीही बियाण्याची, खताची जाहिरात घुसवू नका.

एसएमएसमध्ये लिंक टाकू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी मान्य करून न घेतलेल्या लिंकचे मेसेज अडवले जातात, हा एक भाग. माझं कारण वेगळं आहे. "लिंक दाबू नका, पैसे जातील" हे आपण घरच्या म्हाताऱ्या माणसांना कळकळीने सांगतो. मग आपणच त्यांना लिंक का पाठवावी? टोकन, दिवस, वेळ मेसेजमध्येच द्या.

जुन्या फोनवर मराठीच्या जागी चौकोन उमटतात. म्हणून नोंदणीच्या वेळी विचारून ठेवा: "मेसेज मराठीत वाचता येतो का फोनवर?" नाही म्हणाले तर त्यांना फोन करायच्या यादीत टाका.

व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम

बिझनेस अॅपमधल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच मेसेज जातो. गावाची सेवा असेल तर एवढं पुरतं. नोंदणीच्या वेळीच नंबर जतन करून द्या. मोठं काम असेल तर व्यवसायासाठीची एपीआय, म्हणजे तुमच्या सर्व्हरने थेट मेसेज पाठवायची सोय, घ्यावी लागते. तिथे आधी संमती, मंजूर साचे आणि पैसे, तिन्ही आलं. शेतकऱ्याने स्वतःहून मेसेज केल्यापासून २४ तास मात्र तुम्ही साच्याविना उत्तर देऊ शकता. टेलिग्रामचा बॉट बनवायला सोपा आहे आणि त्याला मोबाईल नंबर कळतही नाही. अभ्यासिकेतल्या पोरांसाठी उत्तम. चाळणीवर येणाऱ्यांपैकी कुणी तो वापरला नाही.

पोच घ्या

पाठवला म्हणजे पोचला, असं समजणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. ब्राउझरच्या यंत्रणेचं २०१ हे उत्तर म्हणजे त्यांनी निरोप स्वीकारला, फोनवर दिसला असं नव्हे. एसएमएसचा "पोचला" हा अहवाल म्हणजे फोनपर्यंत गेला, वाचला असं नव्हे.

आमच्याकडे पोच घ्यायला मिस कॉल वापरतो. निरोप मिळाला की शेतकऱ्याने गोदामाच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा. त्याचा पैसा जात नाही, टाइप करावं लागत नाही, वाचता न येणाऱ्यालाही जमतं. नोंदवलेल्या नंबरवरून कॉल आला की त्या टोकनपुढे पोच लागते. ब्राउझरच्या सूचनेत "येतो" आणि "पाळी सोडतो" अशी दोन बटणंही ठेवली आहेत. सोडलेली पाळी लगेच पुढच्याला जाते.

संध्याकाळी सहाला पोच न आलेल्यांची यादी निघते, आणि आमची एक ताई त्या सगळ्यांना फोन लावते. हे काम यंत्रावर टाकायचा मोह मला होता. पण ताईंना उत्तरं मिळतात, ती कुठल्याच यंत्राला मिळाली नसती: "लेक पुण्याला गेलाय, फोन त्याच्याकडं हाय", "रान वलं हाय, अजून दोन दिवस रास हुईना", "त्ये दवाखान्यात हायती". त्यावरून पाळी पुढे-मागे करता येते.

नंबर घेतलाच, तर सांभाळा

फोन बऱ्याचदा एकट्या माणसाचा नसतो, घराचा असतो. सातबारा आईच्या नावावर, नंबर मुलाचा. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, रिचार्ज संपतो, नंबर मुका होतो. म्हणून "तुमचा मोबाईल नंबर" असं विचारण्याऐवजी "कुणाच्या फोनवर कळवू?" असं विचारा, आणि दुसऱ्या नंबरसाठी ऐच्छिक रकाना ठेवा. बाईच्या नावाची नोंद असेल तर तिलाच विचारा.

बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर टेलिकॉम कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. गेल्या हंगामाच्या यादीवर यंदा मेसेज सोडले तर एकाचा निरोप भलत्याच्याच हातात पडतो. दर हंगामाला नंबर नव्याने घ्या, आणि हिशेब मिटले की जुनी यादी पुसा. डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदाही हेच धरून आहे: कशासाठी माहिती घेता ते साध्या भाषेत सांगायचं, ते मराठीत वाचायची सोय द्यायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं ठेवायचं. आमच्या फॉर्मवर एवढंच वाक्य आहे: "हा नंबर फक्त पाळी कळवायला घेतो, हंगाम संपला की पुसतो. नको असेल तर गोदामावर फोन करा, लगेच काढू."

सुरू करायच्या आधी एक दिवस काढा आणि पारावर बसा. एक जुना स्मार्टफोन, एक बटणाचा फोन, आणि एखादे काका जे तुमच्या कामाला नवे आहेत. त्यांना स्वतःच्या हाताने टोकन घेऊ द्या, तुम्ही बोट लावू नका. मग फोनचं नेट बंद करून निरोप पाठवा, तासाभराने चालू करा आणि येतो का बघा. काका कुठे अडखळतात, कुठल्या शब्दाला "म्हंजी काय?" म्हणतात, ते लिहून घ्या आणि घरी जाऊन तेवढं बदला. आमच्या पानावर आधी "नोंदणी स्थिती" असं लिहिलं होतं. आता तिथे "माझा नंबर कधी?" असं लिहिलंय.